विणताना दाखवणे: क्रोशाच्या लेसची जाहीर प्रात्यक्षिके

लेस हे भोकांचे कापड आहे. साधे कापड मागावर तयार होते आणि त्यावर जाळी काढायची झाली, तर त्यातले धागे ओढून किंवा कापून काढावे लागतात. लेसमध्ये आधी कापडच नसते. दोरा आणि त्याच्यामधली मोकळी जागा एकाच वेळी आकाराला येतात, आणि नमुना उठून दिसतो तो या मोकळ्या जागेमुळे. हाताने होणाऱ्या लेसचे मुख्य प्रकार चार-पाचच. गादीवर टाचण्या रोवून, लाकडी बॉबिनवर गुंडाळलेले अनेक दोरे एकमेकांवरून पलटत केलेली बॉबिन लेस; एकाच सुईदोऱ्याने हवेत टाके घेत केलेली सुईची लेस; छोट्या शटलने गाठी मारत केलेले टॅटिंग; दोन सुयांवरची जाळीदार वीण; आणि टोकाला आकडा असलेल्या एका सुईने केलेला क्रोशा. पहिल्या दोन प्रकारांचा उगम सोळाव्या शतकातल्या इटली आणि फ्लँडर्समध्ये शोधला जातो. क्रोशाची लेस बरीच अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात हजारो घरांना तिने चार पैसे मिळवून दिले आणि तिथूनच तिचा प्रसार झपाट्याने झाला.

भारतात लेस आली ती मुख्यतः मिशनऱ्यांच्या शाळांमधून. दक्षिणेत नागरकोइलला लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलींना बॉबिन लेस शिकवली. आंध्रातल्या नरसापूरला 1844च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी जोडप्याने क्रोशा नेला आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात त्याचा मोठा घरगुती उद्योग उभा राहिला. गोव्यात आणि वसईत चर्चच्या वेदीवरच्या चादरी, बाळाच्या बाप्तिस्म्याचे कपडे आणि लग्नाचे रुमाल यांच्या निमित्ताने क्रोशा घराघरात गेला. उरलेल्या मराठी मुलखात त्याला वाट मिळाली मुलींच्या शाळांतल्या शिवणाच्या तासाची. मग रुखवतात क्रोशाचा टेबलक्लॉथ आला, दारावर तोरण आले, बाळंतविड्यात टोपरे, मोजे आणि दुपट्याची कड आली. रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर अननसाच्या विणीचे कव्हर चढले. महाराष्ट्रात लेसच्या जाहीर प्रात्यक्षिकांचा विचार करायचा तो या क्रोशाच्या आधारानेच. बॉबिनची गादी इथे फारशी कुणी पाहिलेली नाही. क्रोशाची सुई मात्र आजीच्या डब्यात सापडते.

ती डब्यातच राहिली हीच या कलेची खरी अडचण. लेस घरात विणली जाते, तीही बहुधा दुपारच्या वेळी, कामे आटोपल्यावर, मध्येच उठत-बसत. पाहणाऱ्यासमोर येते ती इस्त्री करून, खळ देऊन ताणलेली पुरी वस्तू. तिच्यात किती तास गेले, किती वेळा उसवावे लागले, दोरा कितीदा तुटला, याची खूण तिच्यावर उरत नाही. विणकाम जितके सफाईदार तितके श्रम लपतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास करून 1982 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. निर्यातीच्या बाजारासाठी दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना त्यांचे दलाल, त्यांच्या घरचे लोक आणि सरकारी नोंदीसुद्धा कामगार म्हणत नव्हत्या, हे त्यांनी दाखवून दिले. त्या सगळ्यांच्या लेखी ‘रिकाम्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी’ होत्या. मजुरी अत्यल्प राहिली त्यामागे ही समजूत होती. नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे वस्तूच्या नावाला संरक्षण मिळते. विणणारीचे तास लोकांना दिसावेत यासाठी मात्र तिला लोकांसमोर बसून विणावेच लागते.

जाहीर प्रात्यक्षिकाचे महत्त्व इथे आहे. प्रदर्शनात वस्तू मांडली जाते, वर्गात शिष्य घडवला जातो. प्रात्यक्षिक या दोहोंच्या मधले. येणारा-जाणारा थांबतो, पाच-दहा मिनिटे पाहतो, एखादा प्रश्न विचारतो, जमल्यास स्वतः सुई धरून पाहतो आणि पुढे जातो. एवढ्या वेळात कुणी लेस शिकत नाही. पण लेस हाताने होते, सावकाश होते आणि ती शिकता येते, या तीन गोष्टी त्याला कळतात. या तिन्हींपैकी एकही गोष्ट काचेच्या कपाटातला टेबलक्लॉथ सांगू शकत नाही.

कारागिराला लोकांसमोर बसवून काम करायला लावण्याचा इतिहास मोठा आहे आणि तो सगळाच अभिमानाचा नाही. लंडनमध्ये 1886 साली भरलेल्या वसाहतींच्या आणि भारताच्या प्रदर्शनात हिंदी कारागीर प्रेक्षकांपुढे विणत, घडवत बसलेले होते. त्यांतले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले कैदी होते. लोक त्यांच्याकडे कलाकार म्हणून बघत नव्हते, दूरदेशीचा नमुना म्हणून बघत होते. शिकागोच्या 1893च्या जागतिक प्रदर्शनात लेडी अॅबर्डीन यांनी उभारलेल्या आयरिश खेड्यात लेस आणि क्रोशा विणणाऱ्या मुली आयर्लंडहून नेल्या होत्या. तिथे उद्देश उघड होता: माल खपवायचा आणि त्यातून घरी बसलेल्या विणकरणींना काम मिळवून द्यायचे. खेड्याचा देखावा खोटा असला तरी हात खरे होते, आणि विक्री झाली ती हात पाहून. स्वतंत्र भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय शिल्प संग्रहालयाने कारागिरांना आवारात बोलावून काम करताना दाखवण्याची प्रथा रुजवली. अमेरिकेत 1985च्या भारत महोत्सवात राजीव सेठी यांच्या ‘अदिती’ या प्रदर्शनात कारागीर आणि कलावंत दालनांमध्येच काम करत होते, पाहुण्यांशी बोलत होते. शंभर वर्षांतला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रात्यक्षिक करणाऱ्याला प्रश्नाचे उत्तर द्यायची, थांबायची, नको म्हणायची मुभा आहे की नाही, यावर ते प्रात्यक्षिक आहे की नुसता देखावा, हे ठरते. कुणाही आयोजकाने हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा.

असे प्रात्यक्षिक शहाडमध्ये करायचे झाले, तर तिथे हा विषय ओळखीचा वाटावा अशी कारणे आहेत. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या वाटेवरचे हे पहिले स्टेशन. गाव दोऱ्याचेच. 1950च्या दशकात सुरू झालेल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्याने शहाडची ओळख घडवली. इथे लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस रेयॉनचा अखंड धागा बनतो. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करायची, तयार झालेला मधासारखा दाट द्रव मुरवून, गाळून अतिसूक्ष्म छिद्रांच्या तोट्यांतून आम्लाच्या कुंडात सोडायचा की त्याचे चकचकीत तंतू होतात. या धाग्याला रेशमाची झळाळी असते, म्हणून भरतकामाचे दोरे, झालरी, फिती आणि यंत्रावरच्या लेसमध्ये तो पुष्कळ वापरला जातो. शेजारच्या उल्हासनगरच्या कापडबाजारात असल्या फिती आणि लेस मीटरवर मिळतात. म्हणजे लेस या भागात रोज दिसते, पण यंत्राची. हातची लेस आणि यंत्राची लेस यांत फरक काय, हा प्रश्न शहाडच्या प्रात्यक्षिकात पहिल्या तासाभरातच येणार हे धरून चालावे.

त्याचे उत्तर तयार असावे. जॉन हीथकोट याने 1808-09 मध्ये बॉबिन जाळी विणणारे यंत्र बनवले आणि पुढच्या काही दशकांत नॉटिंगहॅमच्या कारखान्यांनी हातच्या बॉबिन लेसचा धंदा जवळजवळ बसवला. क्रोशाचे तसे झाले नाही. क्रोशातला प्रत्येक टाका आधीच्या टाक्यात सुई घालून, त्यातून फास ओढून घ्यावा लागतो आणि दर टाक्याला ती जागा बदलते. ही हालचाल करणारे यंत्र व्यवहारात आलेले नाही. बाजारात ‘क्रोशा लेस’ म्हणून जी फीत मिळते, ती बहुतेक वेळा क्रोशासारखी दिसणारी यंत्राची वीण असते. दोन्हींचा एक-एक तुकडा शेजारी ठेवून भिंगातून दाखवला की हे समजावायला शब्द लागत नाहीत.

रेयॉनचा दोरा गावचा असला तरी शिकवण्यासाठी तो वापरू नये. तो निसरडा असतो, फास सुईवरून सटकतो, गाठ सैल होते आणि नवशिक्याचा धीर सुटतो. मर्सराइज केलेला सुती दोरा घ्यावा. सूत कॉस्टिक सोड्यातून काढण्याची ही रीत जॉन मर्सरने 1844 मध्ये शोधली. नंतर दोरा ताणून धरून ती करू लागले तेव्हा सुताला चकाकी आणि मजबुतीही आली. टेबलाजवळ रेयॉनचे एक रीळ ठेवून त्यावरची चमक आणि सुताची पकड हातात घेऊन पाहू द्यावी. कारखान्यात आयुष्य गेलेले कुणी समोर उभे असेल तर धाग्याबद्दल चार गोष्टी तोच सांगेल, आणि त्याला तशी संधी द्यावीच.

हा विषय शहाडला ओळखीचा असण्याचे दुसरे कारण लोकलचे. मध्य रेल्वेच्या बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, भजन होते, हळदीकुंकू होते आणि विणकामही होते. टिटवाळा किंवा आसनगाव गाडीत खिडकीशी बसलेली एखादी बाई पर्समधून सुई आणि गुंडी काढते, समोरच्या दोघी-तिघी बघत राहतात. कुणी विचारते, हे फूल कसे केले, आणि ठाण्यापर्यंत साखळी शिकवून होते. लेसचे इतके सहज आणि इतके नियमित प्रात्यक्षिक दुसरीकडे क्वचितच होत असेल. क्रोशाला गादी, टाचण्या, बॉबिन काही लागत नाही, एका हातात मावणारे काम गर्दीतही होते. म्हणून तो गाडीत टिकला. आयोजकाने इथून शिकण्यासारखे पुष्कळ आहे: बसण्यातली जवळीक, सोबत प्रवास करणाऱ्यांची ओळख, आणि आज राहिलेला टाका उद्या पुन्हा विचारता येणे.

आता प्रत्यक्ष विणकामाकडे यावे, कारण प्रात्यक्षिकात काय दाखवायचे ते त्यावरच ठरते. बहुतेकांचे लक्ष सुईच्या आकड्याकडे जाते. खरे काम डाव्या हाताचे. दोरा करंगळीला एक वेढा देऊन मधल्या दोन बोटांखालून तर्जनीवर येतो; तर्जनी किंचित उचललेली असते आणि दोऱ्याचा ताण तीच सांभाळते. हा ताण सारखा राहिला की वीण सारखी येते, याला ‘हात बसणे’ म्हणतात. सुरुवात साखळीची. आकड्याने दोरा धरून फासातून ओढला की एक साखळी होते. मुका खांब बुटका आणि दाट असतो. खांबासाठी सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा. सुईवर तीन फास दिसतात. दोरा घेऊन दोन फासांतून काढायचा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोहोंतून. झाला खांब. साखळ्या आणि खांब यांची अदलाबदल करत गेले की भरीव आणि मोकळी घरे तयार होतात, आणि अननसापासून मोरापर्यंत सगळे नमुने एवढ्या सामग्रीतून निघतात.

गोल रुमालाने हे सगळ्यांत चांगले दाखवता येते. पाच-सहा साखळ्या जोडून कडे करायचे, त्यात 12 खांब घालायचे, पुढच्या फेरीत 24, त्यापुढे 36, याप्रमाणे दर फेरीला 12 वाढवत जायचे. चकती टेबलावर सपाट बसते. वाढ थांबवून पुन्हा 36च घातले तर कडा वर उचलू लागतात आणि वाटी होते. टोपरे असेच होते. उलट दर फेरीला खांब दुप्पट केले तर चकतीला सपाट राहायला जागाच उरत नाही आणि तिची झालर होते. या झालरीतच एक मोठे गणित आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना ताइमिना यांनी 1997 मध्ये अशाच झालरीसारख्या हायपरबोलिक पृष्ठभागाचे टिकाऊ, हाताळता येणारे नमुने क्रोशाने विणले. कागदाचे नमुने फाटायचे, हे फाटेनात. त्यातूनच मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी 2005च्या सुमारास क्रोशाच्या प्रवाळ खडकांचा उपक्रम सुरू केला आणि अनेक देशांतल्या हजारो लोकांनी जाहीर कार्यशाळांत बसून त्यासाठी विणले. शाळेत प्रात्यक्षिक असेल तर सपाट चकती, वाटी आणि झालर असे तीन तुकडे मुलांच्या हातात द्यावेत. कार्यानुभवाचा तास भूमितीला जाऊन मिळतो, आणि क्रोशा फक्त मुलींचा हा समज बोलण्याआधीच गळून पडतो.

मांडणीत चार-दोन गोष्टी चुकल्या तर सगळे प्रात्यक्षिक वाया जाते. पांढरा बारीक दोरा पांढऱ्या टेबलक्लॉथवर कुणालाही दिसत नाही. विणणाऱ्याच्या मांडीवर काळे किंवा गडद निळे कापड असावे. बारीक दोऱ्याचे खरे काम एका बाजूला चालू ठेवावे आणि दुसरीकडे जाड लोकर व मोठी सुई घेऊन तोच टाका संथपणे दाखवावा. एकटीने विणणे आणि बोलणे दोन्ही करू नये. मोजणी चुकते आणि उत्तरेही अर्धवट राहतात, म्हणून दोघी हव्यात. शिकणाऱ्याला समोर बसवले तर त्याला सगळे उलटे दिसते, शेजारी बसवावे. डावखुऱ्याला मात्र समोर बसवले की तेच आरशासारखे उपयोगी पडते. भिंग आणि मागून किंवा डाव्या बाजूने येणारा उजेड असावा. कोकणपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः मेपासून पावसाळाभर, हात घामेजतात, दोरा मळतो आणि साध्या पोलादी सुईवर गंज चढून कामावर डाग पडतात. हात पुसायला कोरडा नॅपकिन, थोडी टाल्कम पावडर आणि निकेल चढवलेली किंवा अॅल्युमिनियमची सुई, एवढ्याने हे निभते. अर्धवट कामाचे टप्पे पुठ्ठ्यावर टाचून ठेवावेत: नुसती साखळी, पहिली ओळ, चार ओळी, न धुतलेला पुरा रुमाल आणि ताणून वाळवलेला रुमाल. शेवटच्या दोहोंतला फरक पाहून जाणकारसुद्धा थबकतात.

जागा निवडताना लोक आधीच कुठे जमतात ते पाहावे. मकर संक्रांत ते रथसप्तमी चालणारी हळदीकुंकवे, महिला बचत गटांच्या मालाची प्रदर्शने, गणेशोत्सवाचा मंडप, शाळेचे स्नेहसंमेलन, 1864 साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी वाचनालये, शहाडच्या बिर्ला मंदिराच्या परिसरात एकादशीला होणारी गर्दी, अशा ठिकाणी वेगळी जाहिरात करावी लागत नाही. मात्र मोठ्या गर्दीत शिकवणे होत नाही. तिथे फक्त दाखवावे आणि शिकू इच्छिणाऱ्याला शांत जागेचा दिवस आणि वेळ लिहून द्यावी.

सगळ्यांत जास्त विचारले जाणारे प्रश्न दोन: किती दिवस लागले आणि केवढ्याला देणार. अनेक विणणाऱ्या बायका दुसऱ्या प्रश्नाला लाजतात आणि दोऱ्याच्या किमतीवर थोडे चढवून आकडा सांगतात. प्रात्यक्षिकाने जे कमावले ते एका वाक्यात घालवण्याचा हा प्रकार. उत्तर तासांत द्यावे. समजा एका रुमालाला 30 तास लागले आणि तासाला अवघे 50 रुपये धरले, तरी मजुरीच 1,500 रुपये होते, दोरा वेगळा. हा हिशेब रुमालाशेजारी चिठ्ठीवर लिहून ठेवावा. फ्रान्समधल्या आलांसाँ इथल्या सुईच्या लेसला एका चौरस सेंटिमीटरला सुमारे सात तास लागतात आणि ती पूर्ण शिकायला सात ते दहा वर्षे जातात, असे युनेस्कोने 2010 मध्ये तिची अमूर्त वारशात नोंद करताना नमूद केले. हे आकडे कानावर पडल्यावर तिथे कुणी घासाघीस करत नसावे. क्रोशा तेवढा संथ नाही, पण त्याचेही तास असतात आणि ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

व्हिडिओ पाहून शिकता येत असताना प्रात्यक्षिक कशाला, असेही विचारले जाते. व्हिडिओ टाका दाखवतो, तोही हवा तितक्या वेळा. त्याचा फायदा जरूर घ्यावा. पण दोऱ्याचा ताण पडद्यावर दिसत नाही. आपली वीण घट्ट का येते हे त्यातून कळत नाही, कारण व्हिडिओला आपला हात दिसत नाही. शेजारी बसलेली बाई तर्जनी जराशी वर उचलून देते आणि काम होते.

जिथे ही कला टिकली तिथे प्रात्यक्षिकामागे शाळा उभी आहे. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावात 1876 पासून लेसची शाळा चालू आहे, तिथली मुले बॉबिन घेऊन चौकात बसतात. त्या देशाच्या बॉबिन लेसची युनेस्कोच्या यादीत 2018 मध्ये नोंद झाली. बेल्जियममध्ये ब्रूजच्या लेस केंद्रात दुपारी विणकरणी पाहुण्यांसमोर विणत असतात आणि त्याच इमारतीत वर्ग चालतात. भारतात मोठ्या संख्येने एकत्र विणण्याचा प्रयोग झाला तो चेन्नईत: 31 जानेवारी 2016 रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने देशभरातून आलेले चौकोन जोडून 11,148.5 चौरस मीटरची क्रोशाची चादर मांडली आणि गिनेस विक्रम केला. असल्या विक्रमाने एक दिवस बातमी होते. शहाड-कल्याणसारख्या ठिकाणी त्याहून उपयोगाचा ठरेल तो महिन्यातला एक ठरलेला दिवस, ठरलेली खोली आणि दोन टेबले.

प्रात्यक्षिकाची शेवटची पायरी नोंदीची. आजीला येणारे नमुने बहुधा तिच्या हातातच असतात, कागदावर नसतात. ती विणत असताना शेजारी बसलेल्या कुणीतरी साखळ्या, खांब आणि घरे ओळीवार लिहून घ्यावीत, चौकटीच्या वहीत भरीव घरे काळी करून आकृती काढावी आणि त्या आकृतीवरून दुसऱ्या कुणाकडून एक तुकडा विणून घ्यावा. तुकडा जुळला तर नोंद बरोबर. त्या पानावर नमुना जिच्याकडून मिळाला तिचे नाव तिच्या संमतीने लिहावे, दोऱ्याचा आणि सुईचा नंबर टाकावा, लागलेले तास टाकावेत आणि विणलेला तुकडा तिथेच टाचून ठेवावा.